आईच्या वरची चौकट

त्या रविवारी वडिलांचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. अकरा वर्षं ते कॉम्प्युटरवर घराण्याची वंशावळ जुळवत होते. स्वतःच्या सात पिढ्या केव्हाच भरून झाल्या होत्या. आईच्या वरची चौकट तेवढी रिकामी, कारण ती अनाथाश्रमात वाढलेली. गेलं वर्षभर त्यांनी गावोगावची दप्तरं उपसली, आणि आता तिच्या आईचं नाव हाती लागलं होतं.

"मग सांगा की," आई म्हणाली.

"दुसरा पुरावा येऊ दे. दोन पुरावे झाल्याशिवाय नाव तोंडातून काढायचं नाही."

"घाला तो नियम चुलीत. चाळीस वर्षं भांडून निघून जायला मला माहेर नव्हतं, म्हणून तुमचा संसार टिकला. आता जरा जपून राहा!"

वडील ठसका लागेपर्यंत हसले. मग त्यांनी लेकीला हाक मारली. "बाळ, आज तरी पेनड्राइव्हवर प्रत घे. माझा हात थरथरतो, भलतंच काही दाबलं जायचं."

ते काम तिचं होतं, आणि वर्षभर तिने ते आज-उद्यावर ढकललं होतं. कागद काही उरत नसत. टिपण टाइप झालं की वडील ते फाडून टाकत, नाहीतर पसाऱ्यावरून आई घर डोक्यावर घेई.

ती फोनवर होती. ऑफिसातल्या कुणाशी, कशाबद्दल, ते पुढे तिला आठवलंही नाही. फोन खांद्याशी दाबून धरत तिने पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर शेजारी शेजारी दोन बटणं होती, एक प्रत घेण्याचं आणि एक जुनी प्रत परत आणण्याचं. तिने दुसरं दाबलं. आत्ताची माहिती जाईल, चालेल का, असं कॉम्प्युटरने विचारलंसुद्धा. न वाचताच तिने हो म्हटलं.

"झालं का गं?"

"झालं, बाबा."

सोमवारी दुपारी वडील बसथांब्यावर कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याभराने, वडिलांच्या चौकटीत दुसरी तारीख भरायची म्हणून, तिने वंशावळ उघडली. आईच्या वर 'माहिती नाही' असं होतं. वर्षापूर्वीची प्रत नव्या कामावर जाऊन बसली होती. कुठल्या गावी, कुठल्या दप्तरात काय मिळालं, हेही त्यातच लिहिलेलं होतं. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याने दोन दिवस खटपट केली.

"नुसतं पुसलेलं असतं तर काढलं असतं, ताई. पण पाटी पुसून वर दुसरं लिहिल्यासारखं झालंय हे."

आश्रमाच्या वहीत आईचं नुसतं वय निघालं. दुसऱ्या पुराव्याचं पत्र कधी आलंच नाही.

"सेव्हच केलं नसणार बाबांनी," भाऊ म्हणाला. "वय झालं होतं."

तिने मान खाली घातली. वडिलांच्या माथी खापर फुटलं आणि ती मूग गिळून बसली. एक दिवस, मग आठवडा, मग पाच महिने. जितका उशीर होई तितकं सांगणं जड होई.

एका सकाळी आई कॉम्प्युटरवरची धूळ पुसत होती. पुसता पुसता थांबली.

"एक सांगू? त्यांना काही सापडलं नव्हतंच. दुसरा पुरावा, दुसरा पुरावा करत वेळ मारून नेत होते. माझं मन राखायला." ती किंचित हसली. "उभ्या जन्मात खोटं बोलले नाहीत, आणि बोलले ते असं. मीही मेली माहेराच्या बाता मारत बसले."

लेकीने हातातला कप खाली ठेवला.

"बाबा खोटं बोलले नाहीत, आई."

"अगं, राग नाही मला—"

"त्यांना सापडलं होतं. त्यांनी लिहूनही ठेवलं होतं. त्या रविवारी फोनवर बोलता बोलता मी चुकीचं बटण दाबलं. तुझ्या आईचं नाव बाबांनी नाही घालवलं. मी पुसलं."