केरातला मी

खोटं वाटेल, पण कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हे घडलंय. माझी पुतणी स्पृहा त्वचेची डॉक्टर. परवा ती सहज म्हणाली, "काका, कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. तो रोज थोडा झडतो आणि महिन्याभरात खालून नवा येतो. घरातल्या धुळीत थोडे तुम्हीच असता."

मी हादरलो. म्हणजे चाळीस वर्षं माझी बायको आनंदी मला सुपलीत भरून रोज कचऱ्याच्या गाडीत टाकत होती! त्याच दिवशी मी घरात केर काढणं बंद करायला लावलं. जे माझं आहे, ते घराबाहेर का म्हणून जावं?

महिन्याने सकाळी उठून पाहतो, तर माझ्या खुर्चीत हुबेहूब मीच बसलेलो! तो उकळता चहा घटाघट पीत होता. त्याला ना चटका बसत होता, ना घाम येत होता. येणार कसा? चटका जाणवणाऱ्या नसा आणि घामाच्या ग्रंथी खालच्या थरात, म्हणजे माझ्याकडेच राहिल्या होत्या. मला मात्र दरदरून घाम फुटला.

"अगं, याला चहा का दिलास?"

"अहो, त्यांनी चहाला नावं ठेवली नाहीत. म्हणून दुसरा कपही दिला."

"आधी केरसुणी आण आणि झाडून टाक!"

आनंदीने केरसुणी आणली. आम्हा दोघांकडे आळीपाळीने निरखून पाहिलं आणि शांतपणे विचारलं,

"कोणाला?"