ओल्या प्लास्टरवरचं शिखर

मित्रांनो, कॉलेजच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांशेजारी तिरक्या शिखराचं एक मॉडेल पडलंय ना? ते मी. कधीच न बांधल्या गेलेल्या एका वाचनालयाचं जुनं मॉडेल.

मला एका बाप-लेकीनं घडवलं. खालचा मजला वडिलांचा. प्लास्टरचे जाडजूड रोमन खांब आणि गोल कमानी. वरचा लेकीचा. पातळ लाकडाच्या टोकदार गॉथिक कमानी, रंगीत काचा आणि शिखर. या दोन शैलींचं जमायचं कसं, म्हणून लोक नाकं मुरडत. बाप-लेक मात्र कामात इतके रमत, की जेवायच्या हाकाही त्यांच्या कानांवर पडत नसत.

वडील प्लास्टर ओतलं की तळाशी पेन्सिलीनं तारीख लिहीत. पुढचे आठ दिवस कोणी हात लावायचा नाही. "वाळू दे गं त्याला सवडीनं," ते म्हणत. एकदा ते बाहेरगावी असताना निरोप आला, की वाचनालयाचा आराखडा निवडणारी समिती तीन दिवस आधीच येणार. लेकीचा धीर सुटला. तिनं पाचव्याच दिवशी ओल्या खांबांवर लाकूड चिकटवलं.

वडील परतले ते थेट समितीसमोरच. तोवर ओल पिऊन लाकूड फुगलं होतं. सगळ्यांच्या देखत माझं शिखर कललं आणि दोन काचा निखळल्या.

"हे कोणाचं काम?" अध्यक्षांनी विचारलं.

वडिलांनी खांबाला बोट लावलं. मग लेकीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझं. प्लास्टर कच्चं राहिलं, साहेब."

लेक खाली वाकून काचा वेचू लागली. वडिलांचं नाव खराब झालं आणि त्यांना पुन्हा असं काम मिळालं नाही. लेक याच कॉलेजात प्राध्यापक झाली. दरवर्षी ती मला वरच्या वर्गात नेऊन मुलांना दाखवते आणि सांगते, "कारागिरानं प्लास्टर कच्चं ठेवलं. बघा काय झालं!" ते ऐकून दरवेळी मला लाज वाटते.

गेल्या आठवड्यात ती हेच सांगत होती. तिचा घरी विसरलेला चष्मा घेऊन वडील आले होते आणि मुलांच्या मागे उभे होते. तिला ते दिसले आणि तिची जीभ अडखळली.

"हो, कच्चंच होतं ते," म्हातारा हसून मुलांना म्हणाला. चष्मा टेबलावर ठेवून तो हळूहळू जिना उतरला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसलीत तर बरं वाटेल, पण ती राहिली तरी चालेल. तुमची चूक कोणी मुकाट्यानं अंगावर घेतली असेल, तर आजच जाऊन त्याला सांगा. मला तोंड नाही. त्या लेकीला आहे, आणि तिचे वडील आता ऐंशीचे झालेत.