तोरणाखालची झडती

पोळ्याला तोरणाखाली म्हटलेल्या झडतीचा राग धरायचा नाही, ही आमच्या गावची रीतच. बैलजोड्या ओळीने उभ्या राहतात, जो तो यमक जुळवून दुसऱ्याची टर उडवतो आणि लोक पोट धरून हसतात. १९७४ साली त्या ओळीत पहिल्यांदाच आमच्या बौद्धपुऱ्यातली जोडी उभी राहिली. माझ्या लेकाची, देवमनची. सकाळी शिंगांना बेगड लावायला मीही बसले होते.

जगदेव पाटलाने आमच्याकडे बघूनच सुरुवात केली :

"धर्म बदलला, घर बदललं, सदरा शिवला नवा,
तरी मेल्या ढोराची अजून येते हवा!"

अख्खं गाव हसलं. सरपंच बबनराव तर डोळे पुसत होते. मेलेली ढोरं ओढायचं काम आम्ही धर्मांतरानंतर टाकलं, ते यांच्या पोटात अजून दुखत होतं. माझं तोंड पाहून बबनराव म्हणाले, "भागिरथे, राग कायले धरतं? सनाची मस्करी हाये."

मस्करी तर मस्करी. देवमन पुढे झाला :

"पाटलाचा वाडा मोठा, ढोर मेलं दारी,
आपलंच ढोर उचलाले लाजली जात सारी!"

गेल्या उन्हाळ्यात जगदेवचा बैल तीन दिवस दारात कुजत पडला होता, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण कुणी हसलं नाही. कुणीतरी ओरडलं, "जातीवर गेला!" आणि बबनरावांनी तिथल्या तिथे तोरण तोडून पोळा फोडला, जोड्या पांगवल्या.

म्हणजे आमच्या जातीवर जायला कुणाची परवानगी लागत नव्हती!

दुसऱ्या दिवशी पारावर बैठक बसली. देवमनने जगदेवच्या पायांवर डोकं ठेवायचं, नाहीतर बौद्धपुऱ्यातल्या एकालाही निंदणाच्या मजुरीला बोलवायचं नाही. आमच्यातले सगळ्यात वडीलधारे ग्यानबा हात जोडून देवमनला म्हणाले, "वाक रे बापा. चाळीस चुली हायेत."

देवमन उठला. जगदेवसमोर उभं राहून तो म्हणाला, "मांगतो माफी. पन माह्या झडतीत खोटं काय होतं, तेवढं सांगा."

"खोटं असतं त हसून सोडलं असतं!" जगदेव कडाडला.

मला राहवलं नाही. बायांमधून उठून मी ओरडले, "मंग काल आमच्यावर हसले, ते खोटं होतं म्हनूनच न? खोटं बोलनाऱ्यानं आंधी वाकावं!"

"बाईमानसानं मधात बोलू नये," बबनराव म्हणाले. सगळे देवमनच्या वाकण्याची वाट पाहत होते, आणि देवमन ग्यानबांकडे बघत होता.

ग्यानबा काठी टेकत उठले. त्यांनी देवमनचा दंड धरला.

"चाल घरी," ते म्हणाले. "उपाशी राहू."