दीड लिटरचं घर

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे, अवघ्या दीड लिटरचा. हसू नका. लहान म्हणून मला आजवर कोण कोण हसलं, ते सगळं मला पाठ आहे.

कारखान्यात मी आधी ॲल्युमिनियमची एक गोल चकती होतो. यंत्राने दाबून मला आकार दिला. मग दांडा बसवला, रबरी रिंग घातली, डोक्यावर शिट्टी ठेवली. १९९३ साली पाच लिटरच्या डझनभर थोराड कुकरांबरोबर, नमुना म्हणून, मी बुधवार पेठेतल्या मच्छिंद्रशेठांच्या भांड्यांच्या दुकानात आलो. शेठनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "हा काय बाहुलीच्या लग्नात द्यायचा?" झालं! माझी रवानगी सर्वांत वरच्या फळीवर झाली.

त्या फळीवर मी नऊ वर्षं काढली. दुकान चालायचं ते लग्नाच्या भांड्यांवर. सहा ताटं, सहा वाट्या, सहा पेले, असा सगळा सहाचा हिशेब. एखाद्या काकूंची नजर माझ्याकडे गेलीच, तर त्या विचारायच्या, "अहो, यात भात करायचा की काढा?" मी मुकाट्याने धूळ खात राहायचो. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग पुणं बदललं. संगणकाच्या कंपन्या आल्या आणि नागपूर, वर्धा, अमरावतीकडची तरुण मुलंमुली नोकरीला आली. पूर्वी अशी मुलं एका खोलीत चौघं-चौघं, कॉट बेसिसवर राहायची आणि खानावळीत जेवायची. आता एकेकाने स्वतःची खोली घेतली. पगार चांगले होते आणि स्वतःच्या हातचं खायची हौसही होती. ती आमच्या दुकानात येऊन म्हणायची, "काका, एक ताट द्या."

"सेट तुटत नाही," शेठ वर्तमानपत्रातून डोकं न काढता सांगायचे.

"पण मी एकटाच राहतो."

"मग लग्न करून या."

मुलं हसायची आणि समोरच्या काचेच्या नव्या दुकानात जायची. तिथून येताना त्यांच्या हातात ताट असायचं, तवा असायचा, इस्त्रीसुद्धा असायची. मी वरून बघत चरफडायचो. लक्ष्मी एकटीच दारात आली होती आणि आमचे शेठ तिला विचारत होते, बाकीची मंडळी कुठे आहेत? हळूहळू दुकानात शेठ, वर्तमानपत्र आणि माशा एवढेच उरले.

शेठना एक धाकटी बहीण होती, विजयमाला. बँकेत नोकरी करायची. स्थळं आली, गेली, मग यायची थांबली. वय एकेचाळीस झालं, तरी ती भावाच्याच घरी राहत होती. एका शनिवारी ती दुकानात आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "दादा, मी वारज्याला फ्लॅट घेतलाय. पुढच्या महिन्यात राहायला जाणार."

शेठनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुला आमच्याकडे काय कमी आहे?"

"कमी काही नाही. पण माझं असंही काही नाही."

"एकटीचा कुठे संसार असतो का, विजू? लोक म्हणतील, भावाने बहिणीला घराबाहेर काढलं. तुला जायचं तर जा. मी त्या घराची पायरी चढणार नाही."

विजयमालाबाईंनी स्टूल ओढलं, वर चढल्या आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. नऊ वर्षांत पहिल्यांदा कुणी मला पुसत होतं. "हा द्या," त्या एखाद्या गिऱ्हाइकासारख्या म्हणाल्या. शेठ फुकट देत होते, पण बाईंनी पैसे मोजून पावती घेतली. "आणि एक ताट."

"सेट तुटत नाही," शेठ म्हणाले. बहिणीलासुद्धा!

वारज्याच्या त्या घरात पहिल्या दिवशी माझ्यात मूगडाळीची खिचडी शिजली. माझी पहिली शिट्टी इतकी कर्कश झाली की बाई दचकल्या आणि मग एकट्याच खुदकन हसल्या. हळूहळू घर भरत गेलं. छोटा फ्रिज आला, खिडकीला पिवळे पडदे आले, पाय पसरून वाचत बसायला आरामखुर्ची आली. प्रत्येक वस्तू बाई स्वतः निवडायच्या आणि घरी आणून दोन दिवस तिच्याकडे कौतुकाने बघत राहायच्या. फक्त एक गोष्ट विकत मिळण्यासारखी नव्हती. दादाने आपल्या घरी यावं, एवढंच त्यांना हवं होतं. कढीला फोडणी दिली की त्या म्हणायच्या, "दादाला आवडते." ऐकायला मीच असायचो.

शेजारी रुपाली नावाची वर्ध्याची मुलगी एकटी राहायची. संगणकाच्या कंपनीत होती. मला बघताच ती ओरडली, "ताई, हा कुठं भेटला? मी तर सारं पुणं शोधून राहिली!"

बाईंनी दुकानाचा पत्ता दिला. "शेठ जरा तिरसट आहेत, पण माल चोख आहे. मात्र सेट तुटत नाही तिथे." शेठ आपले भाऊ आहेत, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

आठवड्याने रुपाली नवं ताट नाचवत आमच्या स्वयंपाकघरात आली. ऑफिसातल्या पाच एकट्या मैत्रिणींना घेऊन ती दुकानात गेली होती. "मी म्हटलं, काका, आम्ही सहाजणी आहोत. सेट द्या, एकेक ताट आम्ही वाटून घेतो. तुमचा सेट तुटत नाही अन् आमचं कामबी होते."

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "मग?"

"हसले ना काका! कुकर मात्र नव्हता. मागवतो म्हणाले. मग विचारलं, कोणी पाठवलं? मी तुमचं नाव सांगितलं, तर वर्तमानपत्र ठेवून उठले. सहा ताटं सहा कागदांत वेगवेगळी बांधून दिली."

दिवाळी आली. भाऊबिजेला भावाने बहिणीच्या घरी जेवायला जायचं असतं. विजयमालाबाई मात्र आजवर भावाला भावाच्याच घरी ओवाळत आल्या होत्या. या वर्षी त्यांनी फोन करून बोलावलं. "बघू," शेठ म्हणाले. पुण्यात 'बघू' म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी बाईंनी पाटाभोवती रांगोळी काढली, कढी केली, श्रीखंड आणलं. एक वाजला. दीड वाजला. "नाही यायचा तो," असं म्हणत त्या पाट उचलायला वाकल्या आणि बेल वाजली.

दारात शेठ होते, मागे वहिनी. शेठनी सगळं घर हिंडून पाहिलं. पडद्याला हात लावला, फ्रिज उघडून बंद केला. "हे सगळं तू घेतलंस?"

"मीच घेतलं."

ओवाळून झालं. पानं वाढली. माझ्यातला भात तीन माणसांना कसाबसा पुरला. कढी ओरपून झाल्यावर शेठ म्हणाले, "विजू, भात आण अजून."

माझ्यात एक शीतही उरलं नव्हतं. बाई अवघडून म्हणाल्या, "दादा, थोडं थांबावं लागेल. कुकर लहान आहे माझा."

"थांबतो की. बहिणीच्या घरी आलोय, हॉटेलात नाही."

बाई तांदूळ धुवायला ओट्याकडे वळल्या ते डोळे पुसतच. त्या भातात पाणी जरा जास्त झालं. शेठनी तो शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

मित्रांनो, आता माझा तळ काळा पडलाय, पाचवी रिंग चालू आहे. मला घासताना फार खरवडू नका. आणि तुमच्या ओळखीचं कुणी एकटं राहत असेल, तर त्याला 'लग्न कधी' असं विचारण्याआधी त्याच्या घरी जेवायला जा. सणाला तर जाच. भात कमी पडला तर जरा थांबा, मी पुन्हा चढतो.