मास्तरबाईंचा दुसरा पंप

थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी, तिचं बाळंतपण उरकून आम्ही दोघं घरी परतलो. हिने हातातली पिशवीही खाली न ठेवता तळघराचं दार उघडलं. खाली अंधारात पाणी चमकत होतं, आणि हिची कामाची चप्पल तरंगत येऊन जिन्याच्या पायरीला टेकली होती.

"बघा," ती म्हणाली, "न्यायला आलीय मला."

एवढं म्हणून हसली आणि पायरीवर बसली. मग बराच वेळ उठली नाही. तिच्या मशिनी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. इस्पितळातल्या नर्सांच्या गणवेशांचं बेतून ठेवलेलं पांढरं कापड चिखलाच्या रंगाचं झालं होतं.

तळघर हा हिचा कारखाना. गल्लीतली माणसं तिला मास्तरबाई म्हणत. शाळेत शिकवायची म्हणून नव्हे, टेलरमास्तर म्हणून. आमचं घर उताराच्या पायथ्याशी आहे. वरच्या बाजूला जोराचा पाऊस झाला की जमिनीतलं पाणी भिंतींच्या बुडातून पाझरतं. मी गवंडी. घर बांधतानाच तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा ठेवला होता. पाझर त्या खड्ड्यात जमायचा. तिथे पंप बसवलेला. पाणी चढलं की दोरीला बांधलेल्या चेंडूसारखा त्याचा फ्लोट वर यायचा, पंप आपोआप सुरू व्हायचा आणि पाणी रस्त्याकडच्या गटारात फेकायचा. कितीतरी पावसाळे त्याने असे काढले. पण आम्ही लेकीकडे असताना वादळ झालं आणि वीज गेली. वीज नसली की पंप म्हणजे खड्ड्यातला धोंडा.

संध्याकाळपर्यंत मुलगा आला. बायकोला, शेजाऱ्यांना हाताशी धरून त्याने पाणी उपसलं, मशिनी पुसल्या, तेल घातलं. तोंडातून एक वाकडा शब्द काढला नाही. सगळं झाल्यावर मात्र आईच्या समोर येऊन बसला. मशिनींच्या घरघरीत जन्म काढून हिचे कान थकले होते. ओठ दिसले की बोलणं कळायचं, पाठीमागे छप्पर कोसळलं तरी पत्ता नसायचा.

"आई, पुरे आता. मशिनी विकून टाकू. तू इथे खाली असताना पाणी भरलं असतं तर? हाक मारली तरी तुला ऐकू येत नाही."

"साहेब, मला पोहता येतं."

"थट्टा नको. पुन्हा पाणी आलं तर काय करशील?"

ही म्हणाली, "पुन्हा आलं तर तू म्हणशील तसं. मशिनी तूच उचल, तूच वीक. मी दारात उभीसुद्धा राहणार नाही. पण पुन्हा आलं तरच."

"शब्द?"

"शब्द."

हिचा शब्द मला माहीत होता. कपडा मंगळवारी देते म्हटलं की तापाने फणफणलेली असली तरी मंगळवारीच द्यायची.

आता पंपाला जोड हवी, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कसली हवी, यावर नव्हतं. मुलगा म्हणाला, "आहे तसलाच आणखी एक आणू. एक बिघडला तर दुसरा."

"दोघं जेवणार एकाच ताटात," ही म्हणाली. "वीज गेली की दोघं उपाशी. मग दुसरा कशाला, पहिल्याला सोबत म्हणून?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं पंपवाल्याकडे गेलो. जाण्याआधी मी एक काम केलं. सुतळी घेतली, खड्ड्याच्या तळापासून रस्त्याकडच्या गटाराच्या तोंडापर्यंत उंची मोजली, गाठ मारली आणि सुतळी खिशात टाकली.

पंपवाला चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. गिऱ्हाईक दिसलं की त्याला भरतं यायचं. त्याने आधी एक विचित्र यंत्र काढलं. "काकू, याला वीज नको, बॅटरी नको. नळाचं पाणी जोरात सोडायचं. त्या ओढीने खड्ड्यातलं पाणी वर येतं. आयुष्यभर कटकट नाही."

"आमच्या नळाची धार बघितलीय का तुम्ही?" ही म्हणाली. "बादली लावली की भरेपर्यंत ह्यांचा पेपर वाचून होतो. आणि हे अक्षर अक्षर लावून वाचतात."

पंपवाला हसला, मुलगा हसला, मीही हसलो. मला अक्षरं तिनेच शिकवली, मुलं मोठी झाल्यावर. पाटीवर नव्हे, कापडावर खडूने. तेव्हा थट्टेचा हक्क तिचाच.

"मग बॅटरीचाच घ्या," पंपवाल्याने एक खोकं उचलून मुलाच्या हातात दिलं. "हा आमच्याकडचा सगळ्यात दांडगा. पाण्याचा आकडा बघा."

आकडा खरोखरच मोठा होता. मुलगा खूश झाला. मी खिशातली सुतळी काढली. "हे पाणी एवढं वर चढवायचंय. तो आकडा एवढ्या चढावरचा आहे का?"

पंपवाल्याने चष्मा नाकावर घेतला. सुतळी मापली, खोक्यावरचा तक्ता बघितला आणि डोकं खाजवलं. "बरं झालं काका, विचारलंत. तो आकडा सपाटीवरचा. एवढ्या चढावर याला दम लागेल. मधल्या फळीवरचा बघा. आकडा लहान आहे, पण वर चढताना टिकतो."

"पैलवान नको," ही म्हणाली. "हमाल द्या. ओझं घेऊन जिना चढणारा."

बॅटरीचंही तसंच झालं. गाडीची जुनी बॅटरी घरी पडून आहे, ती चालेल का, असं मी विचारलं. पंपवाला म्हणाला, "ती एक धक्का देऊन गाडी सुरू करणारी, काका. इथे न थांबता चालत राहणारी पाहिजे. ही वेगळी येते." घेतली. शेवटी त्याने आपलं ठेवणीतलं बटण दाबलं. पंपाला भोंगा होता. दुकानासमोरचं कुत्रं उठून पळालं.

"पाणी चढलं की हा वाजेल, काकू. सगळी गल्ली जागी होईल!"

"गल्ली होईल," ही म्हणाली. "मी नाही."

मुलाचं तोंड उतरलं. घरी येईपर्यंत मी त्याच विचारात होतो.

पंप मी स्वतः बसवला. पंपवाल्याने बजावलं होतं की नव्या पंपाला त्याचा स्वतःचा पाइप द्या आणि पाइपाला वळणं कमीत कमी ठेवा. पाइप खड्ड्यातून निघाला, भिंतीच्या बुडाने सरळ गेला आणि खिडकीखालून वर चढला. पाइप वळवता येत नव्हता. मशीन हलवता येत होती. मी हिची पायमशीन उचलून भिंतीशी अशी लावली की बसल्यावर डावा पाय आपोआप पाइपावर टेकावा.

"हे काय?" तिने विचारलं.

मी तिला मशिनीवर बसवून पंपाचं ट्रायलचं बटण दाबलं. पाइप थरथरला. तिला तो तळव्याखाली जाणवला, मग तिने माझ्याकडे बघितलं. "भोंग्यापेक्षा बरा," म्हणाली. तिच्याकडून एवढी शाबासकी मला पूर्वी एकदाच मिळाली होती, घराचा जिना झाला तेव्हा.

माझ्या लेखी काम संपलं होतं. तिच्या लेखी नव्हतं. "कच्ची शिलाई झाली," ती म्हणाली. "अंगावर घालून बघितल्याशिवाय मी कधी पक्की केलीय? रविवारी साहेबाला बोलवा. त्याच्यासमोर ट्रायल."

रविवारी मुलगा आला. मी जुन्या पंपाचा प्लग काढला. म्हणजे वीज गेली असं धरायचं. मग आम्ही बापलेकांनी खड्ड्यात बादल्या ओतायला सुरुवात केली. पाणी चढलं. नव्या पंपापर्यंत आलं. त्याच्या वर गेलं. पंप गप्प. आणखी एक बादली. काठापर्यंत आलं. पंप गप्प.

मुलाने हातातली बादली खाली ठेवली. "आई," तो हळूच म्हणाला, आणि मग तिला ऐकू गेलं नाही म्हणून गप्पच राहिला. ते मला जास्त लागलं.

ही मात्र खड्ड्याजवळ गुडघे टेकून वाकली. आत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई, माझीच अक्कल!"

झालं होतं असं, की मी वायरी सोडल्या होत्या मोकळ्या. हिला लोंबती गोष्ट सहन होत नाही, मग तो धागा असो की वायर. सकाळी मी अंघोळीला गेलो तेव्हा तिने सगळ्या वायरी एकत्र घेतल्या, त्यांच्याभोवती कापडाची पट्टी शिवली आणि पाइपाला घट्ट बांधून टाकल्या. सुबक काम. टाके बघत राहावेत असे. फक्त त्यात फ्लोटची वायरही आवळली गेली होती. बिचारा फ्लोट पाण्याखाली मान धरल्यासारखा अडकून पडला होता.

तिने गळ्यातली कात्री घेतली, बाही कोपरापर्यंत सारली, पाण्यात हात घातला आणि स्वतःचे टाके कच्चकन कापले. फ्लोट उसळून वर आला. पाइप थरथरला. पाणी खाली जायला लागलं. मुलाने अशी आरोळी ठोकली की तीही हिला ऐकू आली असावी.

"उद्या माणूस जाड होईल म्हणून शिलाईच्या आत कापड सोडते मी," ती हात पुसत म्हणाली, "आणि याला बोटभर सैल सोडलं नाही. बघितलंत? ट्रायल घेतली नसती तर गणवेश थेट नवरीच्या अंगावरच फाटला असता."

"गणवेश नवरीच्या अंगावर कसा?" मुलाने विचारलं.

"तू बादल्या उचल."

तेव्हापासून महिन्यातून एकदा ट्रायल, हा घरातला कायदा झाला.

पावसाळा संपत आलाय असं वाटत असतानाच एका दुपारी आभाळ फुटलं. जेवणं झाली होती, ही खाली कामाला बसली होती. वीज गेली. रस्त्याचा ओढा झाला. समोरच्या घरातली माणसं तळघरातून गाद्या वर काढत होती. तेवढ्यात दारात टेम्पो थांबला आणि त्यातून मुलगा उतरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर दोरखंड, काखेत गोणपाटं.

"बाबा, आई कुठाय?"

"खाली."

"खाली? आणि तुम्ही इथे उभे?"

तो धावतच जिना उतरायला लागला. मी मागोमाग. शेवटच्या वळणावर तो थांबला तो थांबलाच.

खिडकीच्या करड्या उजेडात ही आमच्याकडे पाठ करून शिवत होती. उजवा पाय मशिनीवर, डावा पाइपावर. आणि जमिनीवर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, तिने नर्सांच्या गणवेशांचं पांढरं शुभ्र कापड बेतण्यासाठी पसरलं होतं. टेबल मोकळं असताना. मुद्दाम. एवढ्या पावसात सगळ्या गल्लीत तेवढी एकच जमीन कोरडी असेल.

भिंतीवर सावली हलली तशी तिने मान वळवली. मुलाला आपादमस्तक बघितलं.

"चपला जिन्यावर काढ," ती म्हणाली. "खाली कापड आहे."

मुलगा पायरीवर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले. "आई, हरलो. आता या दोरखंडाचं काय करू?"

"दे इकडे. तयार गठ्ठे बांधायला होईल. आणि टेम्पो आणलाच आहेस तर उद्या माल पोचवून ये. फुकट उभा कशाला?"

त्या पावसानंतर गल्लीतले लोक पंप बघायला यायला लागले. ही त्यांना चहा विचारायच्या आधी खड्ड्याजवळ न्यायची, प्लग काढायची, बादली ओतायची आणि पाइपावर हात ठेवायला लावायची. "आधी मास्तरबाईंचा पंप बघून या," असं पंपवालाही गिऱ्हाइकांना सांगायचा. फ्लोटला सैल सोडा, हे ती प्रत्येकाला दोनदा सांगायची, आणि ते कसं कळलं, हेही.

जुळ्यांचे शाळेचे पहिले गणवेश तिने त्याच मशिनीवर शिवले, आतून भरपूर कापड सोडून. शेवटचेही तिनेच शिवले.

जुळ्यांची शाळा संपली त्या वर्षी, पावसाळ्यात, एका गुरुवारी सकाळी माझी बायको वारली. बाहेर पाऊस होता, वीज गेलेली होती. माणसं जमायला लागली तेव्हा मी एकदा खाली जाऊन आलो. पाइप थरथरत होता. तळघर कोरडं होतं.