रॉइसची बदली

एकसष्ट वर्षांच्या आईला मागावर उभं करून धडधाकट मुलगा पडवीत पाय पसरून बसतो, याला काय म्हणावं? व्हर्डी हॅचेलला शब्द सापडत नव्हता, आणि शब्दांची ददात तिला कधी पडली नव्हती.

शनिवारी कापडगिरणीच्या संघाचा बेसबॉलचा सामना होता. शेवटच्या डावात तिच्या मुलाची, रॉइसची पाळी आली, तर कप्तानाने त्याला बसवलं आणि त्याच्या जागी हार्लन प्रुइटला बॅट दिली. हार्लन मागखात्यातला झाडूवाला, पोट सुटलेला, चार पावलं धावला की धापा टाकणारा. त्याने पहिल्याच चेंडूवर टोला हाणला आणि सामना जिंकून दिला. गाव नाचलं. रॉइस घरी आला तो झुलत्या खुर्चीत जाऊन बसला. सोमवारी कामावर गेला नाही, मंगळवारीही नाही.

घर गिरणीचं. कामावर घरातलं कुणी नसेल तर घर खाली करावं लागतं. म्हणून चौदा वर्षांनी व्हर्डी भोंग्याला हजर झाली आणि मुलाच्या मागांवर बदली म्हणून उभी राहिली. आज तिसरा दिवस. कानांत मागावर ये-जा करणाऱ्या धोट्यांचा खडखडाट, केसांत कापूस, पाय असे सुजलेले की बुटांच्या नाड्या बांधवत नव्हत्या. सुटताना मुकादमाने तिला बाजूला घेऊन एक गोष्ट विचारली होती. तिने उभ्याउभ्या उत्तर दिलं आणि घरची वाट धरली.

"आलीस?" रॉइस खुर्चीतूनच म्हणाला. "तो हार्लन छाती काढून फिरत असेल ना?"

"माझ्या पायाखालचा कापूस झाडत होता. विचारत होता, रॉइसला बरं नाही का."

"नऊ वर्षं खेळतोय मी, आई. सगळ्या गावासमोर बसवलं मला."

"तीन दिवस गाव मलाही बघतंय."

रॉइसने खुर्ची झुलवायची थांबवली. मग म्हणाला, "बरं, उद्या जातो."

व्हर्डी पायरीवर टेकली. बूट काढले, शेजारी नीट ठेवले.

"नको जाऊस. मुकादमानं हजेरीपटावरून तुझं नाव काढून माझं घातलंय. मीच हो म्हटलं. खेळात बसवलेला गडी पुढच्या शनिवारी परत उभा राहतो, बाबा. गिरणीत नाही राहत. आता ऊठ. घेवडा भिजलाय, तो चुलीवर चढव, मक्याचा पाव भाज आणि माझ्या पायांना पाणी तापव. आणि सकाळी भोंग्याच्या आधी मला न्याहारी लागते, हे आत्ताच सांगून ठेवते."