बसायची नोकरी

वैजनाथ सत्तावीस वर्षं लेथ मशीनपुढे उभे होते. मग कारखाना बंद झाला आणि ते कात्रजच्या घरी बसले. बसल्यावर कळलं, की गुडघे कामातून गेलेत. बाकी काही वाटलं नाही. शेजारी म्हणत, "फार वाईट झालं." वैजनाथ म्हणत, "हो ना."

हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत रिसेप्शनला माणूस हवा होता. आलेल्याचं नाव लिहायचं, पास द्यायचा, दोन वाक्यं इंग्रजीत बोलायची. सगळं खुर्चीत बसून. इंदुबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बसायची नोकरी आहे. ही सोडू नका."

म्हणून पन्नाशी उलटलेले वैजनाथ बुधवार पेठेत, रेडिओच्या दुकानावरच्या माडीवर, वासंतीबाईंच्या इंग्रजीच्या क्लासला जाऊ लागले. विषय होता रोजच्या विनंत्या.

"वस्तू पहिल्यांदा मागताना 'अ'," बाई सांगत. "कुठली ते दोघांना ठाऊक असेल तर 'द'. वैजनाथ, नुसतं 'गिव्ह वॉटर' म्हणालात तर पाणी मिळेल. नोकरी नाही."

गृहपाठाला चार मागण्या होत्या: चहा, पाणी, पेन आणि खुर्ची. त्या घरात मागून दाखवायच्या. इथे पंचाईत झाली. तीस वर्षांच्या संसारात वैजनाथांनी काही मागितलंच नव्हतं. खाकरलं की चहा येई. तरी त्यांनी वही धरून म्हटलं, "मे आय हॅव अ कप ऑफ टी, प्लीज?"

इंदुबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

मुलाखत घ्यायला प्रियदर्शनी नावाची मुलगी होती, त्यांच्या लेकीच्या वयाची. नजर कॉम्प्युटरवर. मध्ये टेबल, अलीकडे चाकांची काळी खुर्ची, रिकामी. कारखान्याची रीत अशी, की साहेब 'बसा' म्हणेपर्यंत बसायचं नाही. इथली रीत अशी, की येणारा आपला आपण बसतो. हे वैजनाथांना कुणी सांगितलं नव्हतं आणि प्रियदर्शनीला सांगावंसं वाटलं नव्हतं. कागदपत्रं पाहण्यात अर्धा तास गेला. गुडघे ठणकत होते. ठणकतात ते दुसऱ्या कुणाचे असावेत, तसे वैजनाथ उभे होते.

"काका, आता इंग्लिश चेक करते हं. तुम्हाला या क्षणी जे हवंय, ते माझ्याकडे मागा."

वैजनाथांनी मनात शोधलं. हवंसं काही सापडेना. मग वहीतलं आठवलं.

"मे आय हॅव अ ग्लास ऑफ वॉटर, प्लीज?"

पाणी आलं. तहान नव्हती, तरी ते उभ्याने प्यायले. "कुड यू टेक द ग्लास, प्लीज?"

"वॉव, काका! 'अ' पण बरोबर, 'द' पण बरोबर!" तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आणि इतका वेळ उभे आहात, हललासुद्धा नाहीत! रिसेप्शनला कुणीही चालेल हो. आम्हाला मेन गेटला असा माणूस मिळत नव्हता. उद्यापासून या."

"हो ना," वैजनाथ म्हणाले.

घरी इंदुबाई दारातच होत्या. "मिळाली?"

"मिळाली."

"बसायची?"

"उभ्याची. गेटवर."

"अहो, मग तोंड उघडून मागायचं की!"

"मागितलं."

"काय?"

"पाणी."

इंदुबाईंनी आतून पाण्याचा तांब्या आणून त्यांच्या हातात दिला. वैजनाथ उभ्यानेच प्यायले.